राजहंसगडावरचा एक दिवस: चढ, व्यायाम आणि विसावा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीच्या दिवसांत आम्ही काहीजण मिळून येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याला एक दिवसाचं शिबिर घेतो. पहाटे गड, उतरल्यावर नाश्ता आणि व्यायामाचे वर्ग, दुपारी जेवण आणि आराम, ऊन कलल्यावर ताणाचे व्यायाम आणि श्वसन. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चंदगड अशा सगळीकडून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. फोनवर घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे. ज्यांनी शाळा सुटल्यापासून मुद्दाम व्यायाम असा केलेलाच नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

दिवसाचं वेळापत्रक कसं असतं?

पहाटे साडेपाचला जमायचं. गुळाचा चहा किंवा कोमट पाणी, एखादं केळं, दहा मिनिटं सांधे मोकळे करणं आणि सहाच्या सुमारास चालायला सुरुवात. सूर्य वर येईपर्यंत बरीचशी मंडळी गडावर पोचलेली असतात. वर सिद्धेश्वराचं दर्शन, थोडा वेळ तटावर बसणं, मग सावकाश उतरणं. नऊच्या आसपास नाश्ता. साडेदहा ते साडेबारा व्यायामाचे दोन वर्ग. एकला जेवण. त्यानंतर तीन-साडेतीनपर्यंत काहीही नाही, आणि हे ‘काहीही नाही’ आम्ही मुद्दाम ठेवलेलं आहे. चारला हलका वर्ग, पाचला प्राणायाम आणि शवासन, साडेपाचला निघायचं.

या क्रमात आम्ही बदल करत नाही. जड काम थंड वेळेत, भर दुपारी विश्रांती आणि शेवट हलका. कुणी म्हणतं, गड संध्याकाळी करूया, सूर्यास्त बघायला मिळेल. पण तोवर पाय दिवसभराचे थकलेले असतात आणि उतरताना अंधार पडतो. घोटा मुरगळतो तो अशाच वेळी.

ही कल्पना आली कुठून?

पहाटे डोंगर आणि दिवसभर व्यायामाचे वर्ग, असा दिवस जगात बऱ्याच ठिकाणी चालतो. त्यातलं जुनं नाव म्हणजे मेक्सिकोतल्या तेकाते गावाजवळचं रांचो ला पुएर्ता. एडमंड आणि डेबोरा सेकेली या जोडप्याने ते १९४० साली सुरू केलं, तेव्हा येणारी माणसं स्वतःचे तंबू घेऊन यायची. भोवती कोरडी झुडपी डोंगरं, शेजारी तिथल्या मूळ रहिवासी कुमेयाय लोकांना पवित्र असलेला कुचुमा पर्वत. आज ते महागडं ठिकाण आहे, पण पहाटेची डोंगरवाट आणि शाकाहारावर भर असलेलं जेवण तिथे अजून टिकून आहे. तेकाते हेही सीमेवरचंच गाव आहे, पलीकडे लगेच अमेरिका लागते. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉन शहराजवळ, खऱ्याखुऱ्या वाळवंटात, कॅन्यन रँच नावाचं असंच ठिकाण सुरू झालं.

त्यांच्याकडून आम्ही घेतला तो क्रम. बाकी गड, तालीम, सूर्यनमस्कार आणि भाकरी आपल्याकडे होतीच. हजारो रुपये मोजून लांबच्या रिसॉर्टला जाणाऱ्यांना आमची ना नाही. पण येळ्ळूरच्या शिवारात राहणाऱ्या माणसालाही असा दिवस मिळायला हवा, एवढ्यासाठी ही खटपट आहे.

तिकडे वाळवंट, आपल्याकडे पाऊस. मग तेच वेळापत्रक इथे कसं चालेल?

जसंच्या तसं चालत नाही. वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम आल्या आल्या वाळतो. अंग थंड राहतं, पण शरीरातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. आपल्याकडे पावसाळ्याच्या आगेमागे हवा दमट असते. घाम निथळतो, वाळत मात्र नाही आणि म्हणून अंग थंडही होत नाही. तेवढ्याच चढाला इथे जास्त दमल्यासारखं वाटतं ते यामुळे.

आपल्या जिल्ह्यातच केवढा फरक आहे बघा. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही आणि अथणी-रायबागकडचा शेतकरी ढगाची वाट बघत असतो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे, त्यामुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी इथली पहाट चालायला फार चांगली. आमचा हंगाम तोच. मार्चमध्ये अर्धा तास लवकर निघतो. एप्रिल-मे आम्ही सोडून देतो, कारण दुपारी वळीव कधी गाठेल याचा नेम नसतो आणि उघड्या माथ्यावर विजेचा धोका मोठा. गडगडाट कानावर आला की माथा सोडायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत पुन्हा वर जायचं नाही. एकट्याने गडावर जाणाऱ्यांनीही हे पाळावं.

राजहंसगडच का?

शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर आहे आणि माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, म्हणून. ज्याला अर्ध्यातून पुढे जाववत नाही त्याला गाडीत घालून खाली आणता येतं. नवख्या माणसाबरोबर डोंगर चढताना याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. वर तटबंदी आहे, सिद्धेश्वराचं देऊळ आहे, २०२३ मध्ये उभा राहिलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे. आणि खाली बघाल तर चहूकडे भाताची शिवारं. सुगीच्या दिवसांत तटावर उभं राहिलं की मळणीचा आवाज वरपर्यंत येतो. तो अनुभव कुठल्या व्यायामशाळेत मिळणार?

दोन जिने चढले तरी मला दम लागतो. गड जमेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात संकोच असतो, आणि तो अगदी अनाठायी आहे. बहुतेकांना दम लागतो तो सुरुवातीच्या वेगामुळे. तरुण मुलं पहिल्या वळणापर्यंत पळत सुटतात, त्यांना बघून बाकीचे रेटत जातात आणि पंधराव्या मिनिटाला सगळे कंबरेवर हात ठेवून उभे.

आमच्याकडे मोजमाप एकच. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येणार नाही, पण बोलता येईल, हा तुमचा वेग. वाक्य मध्येच तुटायला लागलं की थांबायचं नाही, फक्त पावलं आखूड करायची. एकदम थांबून बसलं की पाय जड होतात आणि पुन्हा उठणं नकोसं वाटतं. म्हणून चढावर ‘आखूड पाऊल, न थांबता’ असं आम्ही वारंवार सांगतो. नाकाने श्वास घेणं जमेनासं झालं तर तीही सूचनाच समजा.

सगळ्यात पुढे चालणारा आमचा माणूस मुद्दाम हळू चालतो. सगळ्यात मागे एकजण असतो आणि त्याच्या मागे कुणीही राहत नाही. शेवटी येणाऱ्याची वाट बघून सगळे एकत्र देवळात जातात. गड किती मिनिटांत केला हे कुणी विचारायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

तरी एक स्पष्ट सांगतो. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घशाशी आवळल्यासारखं वाटणं, थंड घाम, चक्कर यातलं काहीही पूर्वी झालं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. बायकांमध्ये तर कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता कधी नव्हे एवढा थकवा आणि धाप जाणवते. ‘पित्त झालं असेल’ म्हणून ते अंगावर काढू नका.

गुडघे दुखतात. येऊ का?

बहुतेक वेळा या. चढताना गुडघ्यावर जेवढा ताण येतो त्यापेक्षा जास्त उतरताना येतो, आणि लोकांची समजूत नेमकी उलटी असते. ‘चढलो, आता काय, उतार आहे’ म्हणून धावत सुटतात. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत शरीराचा भार पेलत असतो. तो दमला की सगळा हिसका गुडघ्यात जातो.

म्हणून उतरताना तीन गोष्टी करा. गुडघा ताठ ठेवून टाच आपटू नका, थोडा वाकलेला राहू द्या. रस्ता तीव्र असेल तिथे सरळ न उतरता नागमोडी उतरा. आणि काठी घ्या. काठी म्हातारपणाची खूण मानून लाजणारी माणसं आम्ही रोज बघतो. उतारावर हातातल्या काठीने गुडघ्यावरचा बराच भार हलका होतो. शिबिर भरतं त्या शेतघरी वेळूच्या काठ्या ठेवलेल्या असतात, कोपरात काटकोन होईल एवढ्या उंचीची निवडा.

गुडघा सुजलेला असेल, मध्येच अडकत असेल किंवा पाय टाकताना दगा देत असेल तर या वेळी गड नको. खाली शिवारातल्या सपाट वाटेवर चालणारी एक वेगळी तुकडी असते, तिच्यात या. ज्यांची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी आपल्या सर्जनना विचारून यावं. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं आम्ही त्यांना वर्गातही टाळायला लावतो, खुर्चीवर सगळं करून घेता येतं.

शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. काय काळजी घ्यावी?

शुगरवाल्यांनी उपाशीपोटी चढू नये, ही पहिली गोष्ट. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात त्यांची साखर चालताना खाली येऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका बराच कमी. त्या दिवशी डोस कमी करायचा का, ते डॉक्टरांनी ठरवायचं, शेजाऱ्यांनी नाही. आदल्या आठवड्यात विचारून ठेवा.

हात थरथरणं, अचानक घाम, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक, विनाकारण चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं. मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, किंवा मीटर नसलं तरी अशी लक्षणं दिसली, की लगेच चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, बसून राहा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बरं वाटल्यावर काहीतरी खाऊन घ्या. साखरेची पुडी खिशात हवी. सॅकमध्ये ठेवली तर सॅक बऱ्याचदा दुसऱ्याच्या पाठीवर असते! शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही. लगेच १०८.

शुगरमुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी नवे बूट घालून येऊ नये. चालून झाल्यावर मोजे काढून तळवे डोळ्यांनी बघावेत किंवा घरच्या माणसाला दाखवावेत. फोड आलेला त्यांना कळतच नाही.

बीपीच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग वाढत नाही, त्यामुळे हातातल्या घड्याळावरचा आकडा बघून ‘मी काही दमलो नाही’ असं ठरवू नका. बोलता येतंय का, हीच कसोटी धरा. लघवी जास्त होणाऱ्या गोळीवर असाल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांशी बोलून घ्या. वर्गात श्वास रोखून जोर लावायचा नाही आणि डोकं खाली जाणारी आसनं टाळायची.

वर्गांत काय शिकवतात?

सकाळचा पहिला वर्ग सूर्यनमस्कारांचा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ते घराघरांत नेले, आणि आपल्या आजोबांच्या पिढीतल्या अनेकांनी शाळेच्या मैदानावर घातले. आम्ही आकडा धरत नाही. सहा नीट घातले तर सहा. ज्यांना जमिनीवर हात टेकत नाहीत ते खुर्चीला धरून करतात.

खुर्ची, पट्टा, उशी, भिंत यांच्या आधाराने आसन करण्याची पद्धत रूढ केली ती बी. के. एस. अय्यंगार यांनी, आणि त्यांच्या गोष्टीत बेळगावला जागा आहे हे आपल्याच लोकांना फारसं माहीत नसतं. १९३६ साली उत्तर कर्नाटकच्या दौऱ्यात ते इकडे आले होते. तेव्हाचे बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांनी त्यांचं काम पाहिलं आणि त्यांच्याच पुढाकाराने १९३७ मध्ये अय्यंगार पुण्याला शिकवायला गेले. तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं.

दुसरा वर्ग ताकदीचा. यात तालमीतली पद्धत आहे: बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं आणि ज्यांना पेलवेल त्यांना लाकडी मुद्गल. आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्त्या बघत मोठ्या झालेल्या पुरुषांना हे लगेच आवडतं. खरी गरज मात्र बायकांना आणि साठीच्या पुढच्यांना आहे. वय वाढेल तसा स्नायू झडतो, हाडं ठिसूळ होतात आणि एका पडण्यात खुबा मोडतो. म्हणून या वर्गात एका पायावर तोल सांभाळणं, हात न टेकता खुर्चीवरून उठणं हे आवर्जून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत, आणि आपण नेमका तो दुसरा भाग विसरतो.

मधल्या वेळात लेझीम असते. तिला वर्ग म्हणायला नको, पण वीस मिनिटं लेझीम खेळा आणि मग नाडी धरून बघा.

संध्याकाळचा वर्ग ताण सोडण्याचा: पोटरी, मांडी, कंबर, खांदे. त्यानंतर अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि शवासन. सूचना मराठीत देतो. कन्नड बोलणारे असतील तर त्यांना कन्नडमध्येही सांगतो, शिकवणाऱ्यांना दोन्ही येतात.

मी गृहिणी आहे. घरचं कोण बघणार?

हा प्रश्न फोनवर ताई स्वतःलाच विचारत असतात. सुनेचं बाळंतपण, नवऱ्याचा डबा, म्हशीचं दूध, मुलाची परीक्षा. चाळीस वर्षं घर ओढलेली बाई एका रविवारसाठी परवानगी मागते, हे ऐकताना मनाला लागतं. ताई, तुमचं अंग दुखतं म्हणून तुम्ही झोपेत कण्हता आणि सकाळी उठून पुन्हा चुलीपाशी जाता, हे घरच्यांना दिसत नाही असं समजू नका. त्यांना सांगावं लागतं, एवढंच. आणि घरच्यांना आमची विनंती: आदल्या रात्री भाकरीचं पीठ कोण मळणार ते ठरवा आणि तिला एक दिवस सोडा.

सोय विचाराल तर: कपडे बदलायला आणि आरामाला बायकांची स्वतंत्र खोली आहे, स्वच्छतागृह वेगळं आहे, बायकांचा ताकदीचा वर्ग बाईच घेतात. पाळी चालू असेल तरी चालायला हरकत नसते, अंग साथ देईल तेवढं करा. साडीवर चढायचं असेल तर जरूर चढा. फक्त पायघोळ निऱ्या थोड्या वर खोचा आणि पदर पिनेने पक्का करा. काष्ट्याचं लुगडं नेसणाऱ्या आज्या तर सगळ्यांच्या पुढे चालतात. गरोदर असाल तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच करा. बाळंतपणाला थोडेच महिने झाले असतील तर सपाट वाटेची तुकडी बरी.

बूट कसे हवेत?

आधी वापरलेले. नवा जोड त्या दिवशी काढू नका. तळ पकड धरणारा हवा, घासून गुळगुळीत झालेला नको. बूट घालताना टाच मागे आपटून बसवा, मग नाडी घोट्याकडे जाताना शेवटच्या दोन भोकांतून घट्ट ओढून बांधा, पुढचा भाग सैल राहू द्या. असं केलं की उतरताना पाय पुढे सरकत नाही आणि अंगठ्याचं नख काळं पडत नाही. नखं दोन दिवस आधी कापा. मोजे सुती जाड असतील तर ओले झाल्यावर फोड आणतात, जादा जोड बरोबर ठेवा.

कानटोपी किंवा शाल हवी. डिसेंबरच्या पहाटे गाडीतून उतरल्यावर हुडहुडी भरते, वर पोचेपर्यंत ती काढावी लागते.

पाणी किती प्यायचं?

तहान लागेल तसं, थोडं थोडं. एक लिटरची बाटली प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात. चढायच्या आधी घटाघटा पिऊन पोट डुचमळवू नका. अंगरख्यावर पाठीला पांढऱ्या मिठाच्या रेघा उमटलेल्या दिसल्या की समजा तुमच्या घामातून मीठ जास्त जातं, अशांनी नाश्त्याच्या वेळी ताक-मीठ नक्की घ्यावं.

ओआरएसची पुडी आम्ही ठेवतो. ती जुलाब-उलट्यांसाठी किंवा खूप घाम जाऊन गळाठलेल्या माणसासाठी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत घालून कडक करून प्यायल्याने फायदा होत नाही, उलट त्रास होतो. दुकानातलं रंगीत गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, पुडीवरचं लेबल वाचा.

उन्हाने माणूस बरळायला लागला, नीट उत्तर देईना, अंग तापलं, तर त्याला सावलीत आडवा करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

जेवायला काय असतं?

नाश्त्याला उप्पीट किंवा नाचणीची आंबील, उकडलेली रताळी, केळी. आपल्या पश्चिम भागातलं माळरानाचं रताळं इतकं चांगलं असताना प्रोटीन बार कशाला आणायचे? जेवणात ज्वारीची भाकरी, भरलेली वांगी, मटकीची उसळ, कारळ्याची आणि शेंगांची चटणी, दही, येळ्ळूर शिवारातल्या तांदळाचा भात, आमटी. तेल बेताचं. तिखट आपल्याला लागतं तसंच, त्यात काटकसर नाही. संध्याकाळी निघताना कुंदा देतो, एक चमचा. शुगरवाल्यांना फुटाणे.

स्पा आहे का? मालिश मिळते का?

स्पा नाही. मोठी पातेली चढवून गरम पाणी ठेवतो, त्यात खडं मीठ घालून पाय बुडवून बसता येतं. तीळतेलाची वाटी असते, पोटऱ्यांना आणि तळव्यांना आपापलं तेल चोळायचं. पोटरीला घोट्याकडून गुडघ्याकडे, हलक्या हाताने. ज्यांच्या पायाची संवेदना कमी आहे त्यांनी पाणी आधी कोपराने तपासावं, पायाला ते किती गरम आहे हे कळत नाही. एका पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर ती चोळायची नाही, डॉक्टरांना दाखवायची.

जेवल्यानंतर घोंगडी टाकून आंब्याखाली झोपा. मोबाईल टोपलीत ठेवायची सोय आहे, सक्ती नाही.

लहान मुलांना आणू का?

दहा वर्षांपुढची आणा. त्याहून लहान मुलं चढतात मस्त, पण तटाच्या कडेला त्यांच्यामागे धावताना तुमचा दिवस जातो.

साप, मधमाश्या, गोचीड?

तटाच्या दगडांत घोणस, फुरसं, नाग असू शकतात. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, गवतातून जाताना काठी आपटत जायचं, पहाटे टॉर्च हवा. चावलंच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, चोखू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, हात किंवा पाय हलवू न देता गाडीतून सरळ सरकारी दवाखान्यात. प्रतिविष हाच उपाय आहे. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही.

जुन्या तटांवर आग्यामोहोळ असतं. अत्तर, उग्र वासाचं तेल लावून येऊ नका, धूर करू नका, दगड मारू नका. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळा, जागेवर हात झाडत उभं राहू नका.

गोचिडांचा प्रश्न जंगलातल्या वाटांवर जास्त. दोडामार्गसारख्या भागात गोचिडांमुळे माकडताप झाल्याच्या नोंदी आहेत आणि डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम. खानापूर-चंदगडच्या रानातून आलात तर आंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा.

यायचं कसं?

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून येळ्ळूरला बस आहे, पण पहाटेची वेळ साधत नाही. म्हणून गावोगावच्या लोकांना गाडी वाटून घ्यायला आम्ही जोडून देतो. परतताना बसने जाता येतं. कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना जून २०२३ पासून साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, आधार जवळ ठेवा. चंदगडकडून येणाऱ्या ताईंना ही सवलत इथल्या बसमध्ये मिळत नाही. त्यांच्या एसटीत अर्धं तिकीट आहे.

खर्च म्हणाल तर नाश्ता, जेवण, शिक्षकांचं मानधन आणि जागेचं भाडं यांची बेरीज करून येणाऱ्यांत सारखी वाटतो. ज्याला झेपत नसेल त्याने फोनवर एवढंच सांगावं, पुढे कुणी काही विचारत नाही.

राजहंसगड झाला. पुढे कुठे?

हुक्केरी तालुक्यात संकेश्वरजवळ वल्लभगड आहे, चंदगड तालुक्यात महिपालगड, कलानंदिगड, पारगड. वैजनाथाचा डोंगरही चांगला. कोरड्या भागाची आवड असेल तर गोकाकच्या खडकाळ माळावर हिवाळ्यात चालून या, धबधबा ५२ मीटरचा आहे, पण पाण्याचा जोर पावसाळ्यातला. काठावरच्या शेवाळलेल्या खडकांपासून लांब राहा. भीमगड मात्र अभयारण्यात आहे, २०११ पासून. रॉटनची वटवाघळं म्हणून ओळखली जाणारी अतिशय दुर्मीळ जात तिथल्या बारापेडे गुहांत राहते. वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय तिकडे पाऊल टाकू नये, आणि कुणी ‘ओळख आहे, चला’ म्हणालं तरी जाऊ नये.

एका दिवसाने वजन उतरेल का?

नाही. दुसऱ्या दिवशी काट्यावर जे कमी दिसेल ते बहुतेक घामातून गेलेलं पाणी असतं. पण जिना चढताना पाऊल आखूड करायचं, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, एवढं शिकून गेलात तर घरी रोज वीस-पंचवीस मिनिटं चालायला सोपं जातं. टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो असो नाहीतर तुमच्या गावचा कॅनॉल रस्ता, दोन्ही चालतात.

दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर?

दुखणारच. मांड्या आणि पोटऱ्या एका दिवसानंतर ते तिसऱ्या दिवसापर्यंत जास्त दुखतात आणि मग आपोआप निवळतात. झोपून राहू नका, सपाटीवर थोडं चाला, जिना उतरताना कठड्याला धरा. उठसूट वेदनाशामक गोळी नको, किडनीचा त्रास किंवा बीपी असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. लघवी काळसर चहाच्या रंगाची झाली, किंवा दुखणं एकाच सांध्यात येऊन सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर?

आदल्या रात्री आठला निरोप येतो. गड रद्द होतो, वर्ग शेडमध्ये होतात, जेवण ठरल्याप्रमाणे होतं. त्या दिवशी चालण्याऐवजी लेझीम दोन वेळा घेतो. ज्यांना फक्त गडच करायचा होता त्यांचे पैसे परत, किंवा पुढच्या तारखेला जागा, तुम्ही म्हणाल तसं. निरोप पोचला की ‘मिळाला’ एवढं उलट कळवा, म्हणजे पहाटे अंधारात फाट्यावर कुणी वाट बघत उभं राहणार नाही.